विळीवर चिरायला शिकताना

मराठी ताटात सुरी नसते. वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मधे भात. कापायचं काम जेवायला बसण्याआधीच विळीवर उरकलेलं असतं. आपण हाताने जेवतो, एका हाताने पोळीचा तुकडा मोडतो आणि त्याच तुकड्यात भाजी धरतो. त्यामुळे फोड केवढी असावी हे जेवणाऱ्याच्या आधी चिरणाऱ्याने ठरवायचं असतं. शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला "भरभर कसं चिरायचं?" हेच पहिल्यांदा विचारतो. हात बसला की वेग येतोच. त्याआधी बसायचं कसं, अंगठा कुठे ठेवायचा आणि कोणत्या भाजीला कोणता आकार द्यायचा, ते शिकून घ्यावं.

ज्यांनी आजवर फक्त सुरी वापरली आहे आणि आता आजीची विळी माळ्यावरून खाली काढली आहे, किंवा बाजारातून नवी आणली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुमच्या घरी तिला मोरळी म्हणत असतील, तळकोकणात अडाळो. बंगालची बोटी, तमिळनाडूतली अरुवामणै, कर्नाटकातली ईळिगे मणे ही सगळी तिचीच भावंडं. सगळ्यांचं तत्त्व एकच आहे: पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. सुरीची सवय असलेल्याला पहिले दोन दिवस हेच उलटं वाटतं. पण पातं धरायला हात अडकत नाही, दोन्ही हात भाजीला मिळतात, आणि खाली फळी लागत नाही. चिरलेलं थेट परातीत पडतं.

आधी विळी तपासा

विळीला एक पाट असतो, त्याच्या पुढच्या टोकाला बिजागरीसारख्या खिळ्यावर बसवलेलं पातं असतं, आणि पात्याच्या शेंड्याला बहुतेकदा दातेरी चकतीची खवणी असते. विळी जमिनीवर ठेवा, पाटावर पाय दाबा आणि पात्याचा शेंडा धारेला हात न लावता मागून हलवून पाहा. पातं डुगडुगत असेल तर खिळा किंवा स्क्रू आवळून घ्या. आवळूनही डुगडुगत असेल तर ती विळी वापरू नका. लाकडी पाटाला पात्याच्या बुडाशी चीर गेलेली नसावी, कारण सगळा जोर तिथेच येतो. लोखंडी पाटाची विळी गुळगुळीत फरशीवर सरकते. तिच्याखाली रबराची बुचं नसतील तर जुन्या पोत्याचा तुकडा अंथरा.

पातं लोखंडी की स्टेनलेस, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत लोखंडीच्या बाजूने आहे. त्याला धार चटकन लागते आणि लागलेली धार मऊ लोण्यासारखी चालते. पण ते गंजतं, आणि वांगं, कच्चं केळं, कैरी अशा तुरट किंवा आंबट गोष्टी त्यावर चिरल्या की काळपट डाग पडतात. भाजीतल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होतो म्हणून तसं होतं; त्यात विषारी काही नाही, पण भाजी काळी दिसते. स्टेनलेस पोलाद त्या मानाने अलीकडचं. इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी ते १९१३ मध्ये तयार केलं, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रुळलं. रोज विळी पुसून, तेलाचा हात लावून ठेवणं तुमच्याकडून होणार नसेल तर स्टेनलेसच घ्या. गंजलेल्या लोखंडी पात्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पुण्यात तुळशीबागेत आणि बोहरी आळीत दोन्ही प्रकार मिळतात. गावाकडे आठवडी बाजारात, किंवा रस्त्याकडेला पाल ठोकून भाता फुंकणाऱ्या घिसाड्यांकडे अजूनही हाताने घडवलेलं पातं मिळतं. माझी रोजची विळी तशीच घेतलेली आहे. दुकानातल्या चकचकीत विळ्यांपेक्षा ती दिसायला ओबडधोबड, पण तिच्यावर कोबी केसासारखा उतरतो.

परदेशी न्यायची असेल तर विमानात जवळच्या पिशवीत ठेवू नका, सामानात टाकायच्या बॅगेत द्या. पातं मिटून, जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, वरून दोरी बांधा. बॅग उघडणाऱ्याचा हात कापता कामा नये.

बैठक

जमिनीवर बसा. पाटाचं टोक तुमच्याकडे, पातं समोर, आणि पात्याची धार तुमच्या बाजूला. डावा पाय मांडी घातल्यासारखा आडवा दुमडा. उजवा गुडघा वर घेऊन उजवं पाऊल पाटावर घट्ट ठेवा. गुडघा किंचित बाहेर कललेला असू द्या, म्हणजे दोन्ही हातांना मोकळी जागा राहते. डावखुऱ्यांनी पाय बदलला की झालं. शरीराचं वजन त्या पावलावर हवं. विळी जागेवर राहते ती त्या वजनाने. पाऊल पाटावरून उचललंत, तर हातातली भाजी आधी खाली ठेवा.

पात्यात आणि छातीत हातभर अंतर असावं. फार लांब बसलात तर खांदे पुढे ओढले जातात आणि पंधरा मिनिटांत पाठ धरते. ओढणी, पदर, लोंबणाऱ्या बाह्या आवरून घ्या, केस बांधा. पात्याखाली परात किंवा ताट सरकवा. वांगी, बटाटे, कच्ची केळी चिरणार असाल तर परातीत आधीच पाणी घाला. उघड्यावर त्यांच्या फोडी काळ्या पडतात.

भाजी धुवायची ती चिरण्याआधी. चिरून मग धुतली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्या पाण्याबरोबर मोरीत जातात.

आणि एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: पातं मिटल्याशिवाय उठायचं नाही. दार वाजलं, कुकरची शिट्टी झाली, मूल रडलं, तरी आधी पातं मिटायचं, मग उठायचं. घरात रांगतं मूल असेल तर विळी ओट्यावर मागच्या बाजूला ठेवून मगच दाराकडे जायचं.

अंगठा कुठे ठेवायचा

हे नीट वाचा, कारण विळीवर हात कापतो तो बहुतेक वेळा इथेच.

तुम्ही भाजी दोन्ही हातांत धरून समोर, पात्यावर लोटता. पातं भाजीच्या पलीकडच्या बाजूने आत शिरतं आणि तुमच्याकडे येत येत बाहेर पडतं. म्हणजे दोन जागा धोक्याच्या आहेत. पहिली पलीकडची: भाजीला पूर्ण वेढा घालून बोटं पुढे आली असतील तर ती पात्याला पहिली भेटतात. म्हणून बोटं पुढे न आणता भाजीच्या दोन कडांना ठेवायची. दुसरी जागा अलीकडची, आणि नवशिक्यांचं लक्ष नेमकं तिथून सुटतं. अंगठे भाजीच्या मागे असतात, तेच तिला पुढे लोटतात. भाजी चिरली जाऊन पातं अलीकडे निघतं तेव्हा अंगठा त्याच्या रेषेत असेल तर तो कापतो. म्हणून दोन अंगठ्यांत अंतर हवं: एक पात्याच्या डावीकडे, एक उजवीकडे, आणि पातं मधल्या मोकळ्या जागेतून बाहेर येणार.

शेवटच्या सुपारीएवढ्या भागात जोर कमी करायचा. जोर लावून "खट्कन" तोडायची सवय लागली असेल तर ती सोडा. धार चांगली असेल तर नुसतं लोटूनही चिरतं. त्यातही भाजी सरळ आत न दाबता जरा खाली ओढत लोटली, तर पातं करवतीसारखं सरकतं आणि निम्म्या ताकदीत काम होतं. आधी पातं मिटलेलं ठेवून, हातात काकडी घेऊन ही हालचाल पाच-सहा वेळा करून बघा. भाचीला मी असंच शिकवलं. तिला लाज वाटत होती, पण आज ती कांदा माझ्यापेक्षा बारीक चिरते.

पहिल्या आठवड्यात काय चिरावं

दुधीपासून सुरुवात करा. तो मऊ असतो, घसरत नाही, आणि फोड थोडी लहानमोठी झाली तरी शिजताना सांभाळून घेतो. चिरण्याआधी त्याचा एक छोटा तुकडा चाखा. दुधी कडू लागला तर सरळ टाकून द्या, मीठ-मसाल्याने कडवटपणा झाकू नका. कडू दुधीने विषबाधा होते आणि ती गंभीर असू शकते.

दुधी जमला की बटाटा घ्या. सोललेला बटाटा हातातच उभा चिरा, पण शेवटपर्यंत नेऊ नका. बुडाशी अर्धा बोट भाग जोडलेला राहू द्या. मग वळवून पुन्हा तसंच. आता तो फुलासारखा उघडतो, आणि आडवा पात्यावर लोटत गेलात की चौकोनी फोडी एकामागून एक परातीत पडतात. उकडायच्या भाजीला बोराएवढ्या फोडी पुरतात. काचऱ्या करायच्या असतील तर बटाटा अर्धा करून अर्धचंद्राच्या पातळ चकत्या काढा. काचऱ्यांची जाडी सारखी असायला हवी, नाहीतर झाकण काढल्यावर काही करपलेल्या आणि काही कच्च्या निघतात. हे मी जितक्यांदा शिकवलं तितक्यांदा सगळ्यांना इथेच अडलेलं पाहिलं आहे. उपाय एकच: पात्यावर नजर ठेवण्यापेक्षा सुटून पडणाऱ्या चकतीकडे पाहा.

भेंडी धुऊन फडक्याने अगदी कोरडी करा, पातंही कोरडं करा, मगच चिरा. ओल्या भेंडीला तार सुटते. पाच-सहा भेंड्या एकत्र मुठीत धरून एकदम चिरायला येईपर्यंत एकेकच घ्या. गवार आणि मेथी विळीवर आणूच नका. गवारीच्या शिरा काढत ती हाताने मोडायची, मेथी खुडायची.

कोथिंबीर, पालक, शेपू यांची जुडी एका हाताच्या मुठीत घट्ट आवळा, दुसऱ्या हाताने मागून आधार द्या आणि टोकाकडून पात्यावर लोटत मूठ हळूहळू मागे सरकवा. मूठ सैल पडली की पानं चिरली न जाता चुरगळतात आणि पाणी सुटतं.

भरल्या वांग्यांना देठ ठेवायचा. देठावरचे काटे आधी काढा, मग खालच्या टोकाकडून अधिकाच्या चिन्हासारख्या दोन चिरा द्या, पाऊण वांग्यापर्यंतच. चिरा जरा उघडून आत अळी नाही ना ते उजेडात बघा.

कांदा

कांद्याला वेगळा परिच्छेद द्यायलाच हवा. आपल्याकडे पदार्थ बदलला की कांद्याचा आकार बदलतो. पोह्यांना बारीक, भज्यांना उभा आणि पातळ, कोशिंबिरीला त्याहून बारीक, वाटणासाठी भाजायचा असेल तर जाड काप. भज्यांचा कांदा जाड झाला तर तो आत कच्चा राहतो आणि भजी मऊ पडतात, मग पीठ कितीही बरोबर असो.

बारीक चिरताना कांद्याचं शेंड्याकडचं टोक कापा, मुळाकडचं ठेवा. सगळे पापुद्रे त्या मुळाशी एकत्र बांधलेले असतात. सोललेल्या कांद्याला मुळापर्यंत न जाता उभ्या चिरा द्या, कांदा थोडा थोडा फिरवत. मग तसाच आडवा धरून पातळ चिरत मुळाकडे या. राहिलेलं बूड टाकून द्या.

डोळ्यांत पाणी येतं कारण कांद्याच्या पेशी फुटल्या की आतली विकरं आणि गंधकाची संयुगं एकमेकांना भेटतात आणि झोंबणारा वायू तयार होतो. हा वायू बनवणारं विकर स्वतंत्रच असतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. आपल्यापुरतं त्यातलं उपयोगाचं एवढंच, की पेशी जितक्या कमी चिरडतील तितकं कमी झोंबतं. बोथट पातं कांदा चिरडतं, धारदार पातं कापतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेला कांदाही कमी झोंबतो.

काकडी चोचवणं

सुरीवर किंवा किसणीवर न जमणारं आणि विळीवर सहज होणारं असं काही शिकायचं असेल तर हे शिका. खमंग काकडी किसून केली तर तिचं पाणी होतं. चोचवलेली काकडी कुरकुरीत राहते.

कोवळी काकडी घ्या. दोन्ही टोकं कापून चव बघा. कडू असेल तर दुसरी घ्या. साल काढा. काकडी एका मुठीत धरून तिचं टोक पात्याच्या धारेवर हलक्या हाताने टोचत राहा, टच् टच् टच्, आणि प्रत्येक टोचण्याबरोबर काकडी बोटभर फिरवा. टोकावर सगळीकडे जवळजवळ, नखाएवढ्या खोल चिरा पडल्या पाहिजेत. मग तेवढाच चोचवलेला भाग आडवा, कागदासारखा पातळ कापा. तांदळाएवढे तुकडे खाली पडतील. पुन्हा टोचा, पुन्हा कापा. आवाज एका लयीत आला की समजा हात बसला. काकडी संपत आली की शेवटचा दोन बोटं तुकडा चोचवू नका, तो खाऊन टाका. बोटं आणि धार यांच्यात तेवढी काकडी असावीच लागते.

दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, चिमूटभर साखर, वर तुपात जिरं-मिरचीची फोडणी. मीठ मात्र पानं मांडल्यावरच घाला, आधी घातलं की पाणी सुटतंच.

अवघड मंडळी

विळ्या-भोपळ्याचं सख्य ही म्हण उगाच पडलेली नाही. अख्ख्या लाल भोपळ्याचं साल टणक आणि गुळगुळीत असतं, त्यावर पातं घसरतं. माझ्या डाव्या अंगठ्यावर आजही आडवी खूण आहे ती भोपळ्याचीच. तेव्हा विळीची धार गेलेली होती, पाहुणे यायचे होते, आणि मी धार लावायची सोडून जोर लावत बसले. भोपळा एकदम सुटला आणि अंगठा पात्यावर गेला. म्हणून सांगते, अख्खा भोपळा विळीवर आणू नका. आधी तो जमिनीवर पोत्यावर ठेवून कोयत्याने किंवा मोठ्या सुरीने दोन-चार फाका करा, बिया काढा, आणि मग एकेक फाक सालाची बाजू स्वतःकडे, गराची बाजू पात्याकडे धरून चिरा. मऊ बाजूने पातं आत शिरतं, घसरत नाही.

सुरण चिरताना हात आणि सुरण दोन्ही कोरडे ठेवा, हातांना तेल लावा. त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते कातडीत टोचून खाज सुटते. शिजवताना चिंच किंवा आमसूल घालायचं ते याचसाठी, अळूचंही तसंच.

फणसाचा चीक विळीला लागला की निघता निघत नाही. पात्याला, हातांना आणि खालच्या फरशीला आधीच खोबरेल लावा, वर्तमानपत्र अंथरा. पात्यावर साठलेला चीक तेलात भिजवलेल्या कापडाने पुसत राहा, पाण्याने तो अधिकच चिकटतो. भाजीची कोवळी कुयरी विळीवर होते. पिकलेला मोठा फणस मात्र कोयत्याने फोडून घ्यावा आणि गरे हातानेच काढावे.

केळफुलाच्या प्रत्येक फुलातली टोकाला गोंडा असलेली ताठ काडी आणि तळाशी असणारं पारदर्शक पापुद्र्यासारखं पान काढून टाका. ही दोन्ही शिजत नाहीत. चिरलेलं केळफूल ताक घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवलं की काळेपणा आणि तुरटपणा दोन्ही कमी होतात. मिरच्या चिरून हात झोंबले तर आधी तेल चोळा आणि मग साबणाने धुवा. मिरचीतलं तिखट द्रव्य तेलात विरघळतं, नुसत्या पाण्यात नाही. लोणच्याच्या कैऱ्या कोयीसकट फोडायच्या असतील तर घरच्या विळीला तो त्रास देऊ नका. कैरीच्या दिवसांत विकणारेच मोठ्या अडकित्त्यावर फोडून देतात.

नारळ खवणं

नारळ फोडण्याआधी दहा मिनिटं पाण्यात ठेवा. मग डाव्या तळहातावर आडवा धरा आणि कोयत्याच्या मागच्या, बिनधारेच्या बाजूने मधोमध, थोडा थोडा फिरवत ठोके द्या. बारीक चीर दिसली की खाली पातेलं धरा. दोन सारख्या वाट्या होतात.

खवताना पाऊल पाटावर तसंच घट्ट. वाटी दोन्ही हातांत धरून तिची पोकळ बाजू खवणीच्या दातांवर बसवा आणि वरून खाली लहान लहान ओढी घ्या. कडेपासून सुरुवात करून वाटी फिरवत आत जा. नवशिके एकाच जागी खवत राहतात आणि तिथे करवंटी लागते. खवण्याचा आवाज आधी मऊ असतो. तो खरखरीत झाला की तपकिरी पापुद्रा आला असं समजा आणि वाटी फिरवा. मोदकाच्या सारणाला आणि सोलकढीला पांढराशुभ्र खवच हवा. तपकिरी चुरा वेगळा काढून वाटणाला वापरा. खवताना पुढ्यातल्या पात्याची धार उघडीच असते हे विसरू नका. कोपर खाली आणू नका.

मासे

माशांसाठी वेगळी विळी ठेवा, घरात मासे रोज होत नसले तरी. वास राहतो म्हणून तर खरंच, पण कच्च्या माशाच्या पात्यावर कोशिंबीर चिरणं आरोग्यालाही चांगलं नाही. मासा हातातून निसटतो, म्हणून हाताला जाडं मीठ किंवा चाळलेली राख लावा. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढायचे, मग कल्ले आणि पोट साफ करायचं, आणि शेवटी तुकड्या. पहिले काही महिने बाजारातल्या कोळणीकडूनच कापून घ्या आणि तिचे हात बघा. तिच्यासमोर उभं राहून जे शिकाल ते लिहून सांगता येत नाही.

खाली बसता येत नसेल तर

गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नका. ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची विळी मिळते, ती घ्या. हातांची रीत तीच राहते. नाहीतर सुरी चांगलीच आहे. फळीखाली ओलं फडकं अंथरा म्हणजे फळी सरकत नाही. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवून नखं पेरांच्या मागे लपवा, सुरीची सपाट बाजू बोटांच्या पेरांना टेकवत चालवा. गोल भाजी आधी अर्धी करून सपाट बाजूवर बसवा, मगच पुढे चिरा.

धार आणि देखभाल

बोथट पातं जास्त कापतं, माझ्या अंगठ्याने हे शिकवलं आहे. टोमॅटोची साल नुसत्या स्पर्शाने फाटली नाही तर धार गेली असं समजा. अंगठ्याने धार तपासू नका.

निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, ओला करा, पातं मिटण्याच्या उलट, पूर्ण उघडून विळी पायाखाली दाबा, आणि निसणा धारेच्या बुडापासून शेंड्याकडे तिरका, जवळजवळ पात्याला चिकटवून ओढा. एका बाजूने दहा-बारा वेळा, मग दुसऱ्या बाजूने तितकंच. बोटं निसण्याच्या मागे, धारेपासून लांब. निसणा नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडही वेळेला चालते. वर्षातून एकदा सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडून नीट पाजवून घ्या.

काम झालं की पातं धारेच्या मागच्या बाजूने पुसा, धुवा, कोरडं करा, लोखंडी असेल तर तेलाचं बोट फिरवा. पातं मिटून विळी आडवी ठेवा. विळी उभी ठेवू नये असं घरोघरी सांगतात. अंधारात पाणी प्यायला उठलेल्या माणसाचा पाय वाचावा म्हणून तो नियम आहे, आणि तो पाळावाच.

कापलंच, तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि हात वर ठेवा. दहा मिनिटांत रक्त थांबलं नाही, जखम खोल असली किंवा बोट हलवताना बधिर वाटलं, तर डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते त्यांना सांगा.

पानावर बसल्यावर

आज चिरलेली भाजी स्वतः वाढून घ्या आणि चमचा बाजूला ठेवा. पोळीचा तुकडा तीन बोटांनी मोडून त्यात भाजी धरा. फोड बाहेर डोकावत असेल, दाताने तोडून अर्धी ताटात परत ठेवावी लागत असेल, तर उद्या ती निम्मी करा. भाजी इतकी बारीक झाली की पोळीतून निसटून बोटांवर येते, तर जरा मोठी ठेवा. भाकरीसोबतची फोड थोडी मोठी चालते, कारण भाकरीचा तुकडा जाड असतो आणि तिला रस धरायला काहीतरी हवं असतं. वरणभातात कालवायच्या कोशिंबिरीला बारीकच हवं. पंगतीत एखादी आजी शेजारी बसली असेल तर तिच्या ताटाकडे पाहा. तिने ज्या फोडी कडेला सारल्या असतील, त्या उद्या लहान चिरा.